एका पंगतीची उपासना



दर वर्षी जानेवारीच्या १८ तारखेपासून २५ तारखेपर्यंत जगातील निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक आपापसांतील एकीसाठी एकत्र प्रार्थना करतात. याला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह म्हणतात. मोजू गेल्यास दिवस आठ भरतात, पण नाव सप्ताहच पडले आहे. १९०८ साली अमेरिकेत पॉल वॉटसन नावाच्या धर्मगुरूने हा प्रघात पाडला. तारखा त्याने विचारपूर्वक निवडल्या होत्या. त्या काळच्या सणांप्रमाणे १८ जानेवारी हा प्रेषित पेत्राचा दिवस होता आणि २५ जानेवारी हा पौलाच्या हृदयपालटाचा. पेत्रापासून निघावे आणि पौलापर्यंत पोहोचावे, अशी ही आठ दिवसांची वाट आहे. पेत्र आणि पौल यांचे एकदा चारचौघांत कडाक्याचे भांडण झाले होते, ही गोष्ट मात्र या सप्ताहात फारशी कोणी काढत नाही. मी ती थोड्या वेळाने काढणार आहे.

आज मला बोलायचे आहे ते एवढ्यावरच, की खेड्यात या निमित्ताने एक उपासना ठेवायची झाली, आणि तीही घरातल्या आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सर्वांची, तर तिची आखणी कशी करावी. ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती थोडे आणि इतर पुष्कळ असतील हे मी जाणून आहे. त्यांनी रेडिओ बंद करू नये. दुभंगलेल्या माणसांना एका जागी बसवायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही गावाला आणि कोणत्याही शाळामास्तराला नवा नाही.

आपल्याकडे या उपासनेचे सामान्यपणे काय होते, ते पाहा. तीन पंथांचे तीन पाळक येतात. प्रत्येकाला बोलायला दिले नाही तर रुसवा, म्हणून तिघेही बोलतात. प्रत्येक मंडळीचे गायकगट आपापले एक गीत म्हणतात आणि आपापल्या जागी जाऊन बसतात. लहान मुलांना मागच्या पडवीत शब्बाथ शाळेच्या बाईंच्या हवाली केलेले असते. शेवटी चहा होतो आणि चहाच्या वेळीही ज्याचा त्याचा घोळका वेगळाच. दीड तास सगळे एका छपराखाली होते, एवढाच काय तो ऐक्याचा हिशेब. शेजारच्या बाकावर कोण बसले होते, त्याचे नावसुद्धा कोणाला कळलेले नसते.

हे असे का होते, ते समजण्यासाठी आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्या वेगवेगळ्या का झाल्या, याकडे थोडे वळले पाहिजे. वसईकडचे कॅथॉलिक सोळाव्या शतकापासूनचे. पुढे १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. स्कॉटलंडचे लोक मुंबई, पुणे, नागपूर असे पसरले. अँग्लिकनांनी नाशिकजवळ शरणपूर वसवले. कोल्हापुरास अमेरिकेतीलच, पण प्रेसबिटेरियन पंथाचे मिशन आले. मेथॉडिस्ट आले, मुक्तिफौज आली, विदर्भात आणखी निराळे मिशन आले. या मंडळींनी पुष्कळ ठिकाणी मुलूख वाटून घेतले होते. तालुक्याची हद्द असावी तशी मिशनांची हद्द. त्यामुळे एखादा शेतमजूर काँग्रिगेशनल झाला आणि त्याचा वीस मैलांवरचा मेव्हणा अँग्लिकन झाला, यात दोघांपैकी कोणीही धर्मशास्त्राचा पक्ष घेतला नव्हता. कोणाच्या गावात कोणाचा टांगा आधी पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ होता. नगर भागात तर अमेरिकन मिशन आणि अँग्लिकन मिशन अगदी शेजारी शेजारी काम करीत होती. युरोपात तीनचारशे वर्षांपूर्वी झालेली भांडणे अशा रीतीने आपल्या वाड्यावस्त्यांना वारसाहक्काने मिळाली.

ती आपली भांडणे नव्हेत, हे येथील लोकांनी फार आधी ओळखले. १९१९ साली तंजावर किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे जमलेल्या पाळकांनी तसे लिहूनच काढले. त्यांत बहुतेक सारे भारतीय होते आणि बिशप अझरिया त्यांचे अग्रणी होते. त्या खटपटीतून २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला दक्षिण भारताची संयुक्त मंडळी स्थापन झाली. उत्तरेकडे बोलणी १९२९ पासून चालली ती एकेचाळीस वर्षे. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० या दिवशी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी जन्माला आली. नगरचे काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन त्या दिवसापासून कागदोपत्री एकाच घरचे झाले. मेथॉडिस्टांची मोठी मंडळी शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिली. कॅथॉलिक या योजनेत नव्हतेच. मुक्तिफौज वेगळी, आणि त्यानंतरच्या काळात उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल सभा आणखी वेगळ्या. शिवाय जे एक झाले त्यांचेही सगळे सुरळीत झाले असे नाही. गुजरातेतील एका घटक मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल २०१३ साली लागला. कागदावर सही झाली म्हणजे मने जुळली असे समजणाऱ्याने हा निकाल जरूर चाळावा.

असो. इतिहास माझा शिकवण्याचा विषय, म्हणून जरा लांबलो. आता आखणीकडे येऊ.

पहिली गोष्ट तारखेची. जानेवारीतील ती आठवण खरी, पण आपल्या खेड्यांतील हालचाल निराळी. जानेवारीत ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात असतो. निम्मी वस्ती कोयता घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली, आणि घरी म्हातारी माणसे व शाळेत जाणारी पोरे तेवढी उरलेली. मग ‘सर्व वयांची उपासना’ ठेवली आणि मधली पिढीच गैरहजर, असे व्हायचे. दक्षिण गोलार्धातील देशांत जानेवारीत सुट्ट्या असतात, म्हणून तिकडे पुष्कळ मंडळ्या हा सप्ताह पेंटेकॉस्टच्या सुमारास पाळतात. पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. ईस्टरच्या रविवारपासून मोजला तर तो पन्नासावा दिवस, म्हणजे बहुधा मे महिना किंवा जूनची सुरुवात. आपल्याकडे तेव्हा तोडणीची माणसे परत आलेली असतात, शाळेला सुटी असते आणि पेरणी अजून लागलेली नसते. ज्या गावातून कोयते जातात त्यांनी खुशाल तोच दिवस धरावा. एकीच्या नावाखाली अर्ध्या गावाला वगळणे बरे नव्हे.

दुसरी गोष्ट जागेची. एका मंडळीच्या मंदिरात ठेवली की बाकीचे पाहुणे होतात, आणि पाहुणा माणूस अंग चोरून बसतो. पुष्कळांच्या मनात जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण येईल. माझ्या मते ते मागू नये. सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे आपली घटना सांगते. पटांगण हा वर्ग नव्हे असा युक्तिवाद करता येईल, पण मुख्याध्यापकांना संकटात कशाला घालावे? कोणाचे तरी रिकामे खळे, आंब्याची राई, नाहीतर वस्तीतला मोकळा चौक पुरेसा आहे. सावली आणि पाणी या दोन सोयी पाहाव्यात, बाकी कशाची गरज नाही.

तिसरी गोष्ट बैठकीची, आणि येथेच बहुधा सगळे बिनसते. उपासना ठरवायला नुसते पाळक आणि फादर बसले तर नुसत्या भाषणांची वाटणी होते. त्या बैठकीला एखादी लिहितावाचता न येणारी आजी हवी, आठवी-नववीतला एखादा मुलगा वा मुलगी हवी, आणि दिवसभर रानात राबून आलेला एखादा बापही हवा. आणि एखादा प्राथमिक शिक्षक तर हवाच हवा.

तो का, ते सांगतो. चार इयत्ता आणि शिक्षक दोन, अशी शाळा चालवणे म्हणजे काय हे आमच्या महाविद्यालयातील मंडळींना कळत नाही. आमच्यापुढे सगळे एका वयाचे, एका अभ्यासक्रमाचे. पहिलीतल्या पोराला पाटी देऊन, चौथीतल्या मुलीला त्याच्याजवळ बसवून, तिसरीला पाढे लावून, त्याच वेळी दुसरीचे वाचन घेणारा शिक्षक हा सर्व वयांच्या उपासनेचा खरा जाणकार. त्याला दोन गोष्टी ठाऊक असतात. एक, सगळ्यांना एकच गोष्ट सांगता येते, पण काम मात्र प्रत्येकाला वेगळे द्यावे लागते. दोन, मोठ्या मुलाजवळ लहान मुलाला बसवले म्हणजे दोघेही शिकतात. उपासनेत लहानांसाठी पाच मिनिटांची गंमत आणि मोठ्यांसाठी पाऊण तासाचे प्रवचन असे दोन तुकडे केले, तर ती एका वेळी भरलेल्या दोन शाळा झाल्या.

तेव्हा गोष्ट एकच हवी. कोणती निवडावी? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले शरीराचे रूपक सर्वांच्या परिचयाचे आहे. डोळा, कान, हात, पाय, सगळे एका देहाचे अवयव. मुले पुठ्ठ्याचे मोठे कान लावून येतात, लोक टाळ्या वाजवतात. दिसायला गोड आहे, पण त्यातून ऐक्य फार सोपे वाटू लागते. कानाने डोळ्यावर कधी फिर्याद केलेली नसते. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात दोन काठ्या हातात जोडून धरण्याची खूण आहे. तीही चांगली, परंतु आपल्या मुलांना म्हाताऱ्याची आणि मोळीची गोष्ट इतकी पाठ असते, की काठ्या पाहिल्याबरोबर ती ‘एकीचे बळ’ म्हणून ओरडतील. एकीने बळ येते हे खरे; पण बळासाठी केलेली एकी निवडणुकीत रोज पाहायला मिळते. उपासनेत काही वेगळे सांगायचे आहे.

म्हणून माझे मत पडते ते पेत्र आणि पौल यांच्या भांडणाच्या बाजूने. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलानेच ते सांगितले आहे.

अंत्युखिया हे प्राचीन सिरियातले मोठे शहर, आजच्या तुर्कस्तानातले अंताक्या. ख्रिस्ताच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्याने याच शहरात पडले. तेथे यहुदी विश्वासणारे होते आणि यहुदी नसलेलेही होते. यहुदी रीतीप्रमाणे परक्यांच्या पंक्तीला बसणे हे विटाळाचे काम. पण अंत्युखियात ही रीत मोडली होती, सगळे एकत्र जेवत. पेत्र तेथे आला आणि तोही त्यांच्यात बसून जेवू लागला. मग यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली. त्यांना पाहून पेत्र हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहुदी उठले. बर्णबासारखा मनाचा मोठा माणूस, तोसुद्धा त्यांच्याबरोबर गेला. तेव्हा पौलाने सर्वांच्या देखत पेत्राला तोंडावर विचारले, की तू स्वतः त्यांच्यासारखा वागत होतास, मग आता त्यांच्यावर आपली रीत का लादतोस?

आपल्याला यासाठी टीकाग्रंथ उघडायला नको. याला मराठीत पंक्तिभेद असा सरळ शब्द आहे, आणि तो आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगावर झेललेला आहे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती ज्या समाजांतून आले, त्यांना गावच्या पंगतीत जागा नव्हती. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक मोठे कारण होते, की येथे एका सतरंजीवर बसता येईल. आणि मग त्याच मंडळ्यांत महार घराण्यातले आणि मांग घराण्यातले हा फरक बाप्तिस्म्याच्या पाण्याने पुरता धुतला गेला नाही. तो सोयरिकीच्या वेळी निघतो, मंडळीच्या निवडणुकीत निघतो, काही ठिकाणी बसण्याच्या बाकांवरूनही ओळखू येतो. पंथभेद परदेशातून आला म्हणून त्याचा दोष पाहुण्यांवर टाकता येतो. हा भेद मात्र आपल्या घरचा आहे. २०१३ साली या प्रार्थनासप्ताहाचे जागतिक साहित्य तयार करण्याचे काम भारतातील विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीकडे आले होते, आणि तिने जगापुढे नेमका हाच विषय ठेवला, की दलितांवरील अन्याय बाजूला ठेवून ख्रिस्ती ऐक्य बोलता येत नाही. जगभर ते वाचले गेले. आपल्या गावात किती ठिकाणी वाचले गेले असेल?

वडीलधारी मंडळी येथे हमखास म्हणतील, ‘अहो, लहान लेकरांपुढे हे कशाला काढायचं?’ लेकरांना ते आपल्याआधी ठाऊक असते, हे शिक्षक सांगतील. मधल्या सुटीत डबा कोण कोणाजवळ बसून खातो, हे मुलांइतके बारकाईने कोणी पाहत नाही.

आता ही गोष्ट सादर करायची कशी? पोशाख, दाढ्या, मुकुट यांच्या खटपटीत पडू नये. मधोमध एक सतरंजी अंथरावी. दहाबारा माणसे पत्रावळी घेऊन बसावीत, त्यांत म्हातारे, बायका, मुले सगळी असावीत. एकाने गोष्ट संथपणे वाचावी. पेत्राचे काम एखाद्या वयस्कर, गावात मान असलेल्या माणसाने करावे. मुलाला पेत्र केले की लोक कौतुक करतात आणि गोष्ट हातची जाते. पेत्राने योग्य वेळी आपली पत्रावळ उचलावी, उठावे आणि दूर जाऊन पाठ करून बसावे. मग एकेकाने उठत जावे. शेवटी सतरंजीवर दोनतीन माणसे आणि एखादे लहान मूल राहील. वाचणाऱ्याने येथे थांबावे आणि मनात सावकाश वीसपर्यंत अंक मोजावेत, तोवर कोणी काही बोलू नये. आपल्या लोकांना शांतता सहन होत नाही. पेटीवाल्याचा हात आपोआप पेटीकडे जातो. त्याला आधीच सांगून ठेवावे.

पौलाने काय म्हटले ते लिहिलेले आहे. पेत्र त्यावर काय म्हणाला, हे मात्र पत्रात नाही. ही रिकामी जागा म्हणजे आखणी करणाऱ्याला मिळालेली देणगीच समजावी. चारचार, पाचपाच जणांचे मिसळलेले घोळके करावेत, प्रत्येकात एकतरी पांढऱ्या केसांचे आणि एकतरी दुधाच्या दातांचे, आणि त्यांना एवढेच विचारावे, ‘पेत्र का उठला असेल?’ मुले बहुधा म्हणतील, घाबरला. मग आजीला विचारू द्या, तू कधी अशी उठली होतीस का. त्या घोळक्यात काय बोलले गेले ते पुढे येऊन माईकवर सांगायला लावू नये. माईक दिसला की माणसे खरे बोलायचे सोडून बरे बोलू लागतात.

यानंतर पाळकांनी बोलावे, एकानेच, आणि सात-आठ मिनिटे. कोणी बोलायचे याची चिठ्ठी टाकावी. ज्यांची चिठ्ठी निघणार नाही त्यांच्यासाठी मोठे काम राखून ठेवले आहे, ते पुढे सांगतो.

गाण्यांविषयी फारशी अडचण नाही. नारायण वामन टिळकांनी आपल्याला भजने आणि अभंग देऊन ठेवले आहेत. एकाने म्हणावे आणि सर्वांनी ध्रुवपद धरावे, ही रीत असल्यामुळे अक्षरओळख नसलेली बाई आणि बालवाडीतले पोर दोघेही दुसऱ्या कडव्याला सामील होतात. पुस्तके वाटायला नकोत, भिंतीवर अक्षरे उमटवणारे यंत्र नको. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा एकोणिसाव्या शतकातच पडली होती, तीही अशाच सर्व वयांच्या श्रोत्यांसाठी. टिळकांना पंथांच्या भिंतींचा मनस्वी कंटाळा होता. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. तरुण मंडळींना आपले ड्रम आणि कीबोर्ड आणायचे असतील तर आणू द्यावेत, मात्र आवाजाची कळ एखाद्या म्हाताऱ्याच्या हाती असावी!

प्रभूची प्रार्थना सर्वांना येते, पण सर्वांची शब्दन्‌शब्द एक नाही. कॅथॉलिक ती एका जागी संपवतात आणि प्रॉटेस्टंट पुढे देवाच्या राज्याचा व सामर्थ्याचा गौरव करणारे एक वाक्य जोडतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वाक्य नाही, पण मंडळ्यांच्या प्रार्थनेत ते फार पूर्वीपासून आहे, म्हणून दोन्ही रीतींना आधार आहे. काही ठिकाणी एक मसुदा छापून वाटतात. माझे म्हणणे असे, की ज्याला जी लहानपणापासून पाठ आहे ती त्याने म्हणावी. निम्मे लोक थांबतील, निम्मे पुढे जातील, मधे दोनचार शब्द एकमेकांवर आदळतील. आदळू द्यावेत. मुले वर पाहून विचारतील, ते आधी का थांबले? घरी जाताना वाटेत बोलायला एक चांगला विषय मिळेल.

यापुढचा प्रश्न नाजूक आहे. ऐक्याची उपासना म्हटली की एखादा उत्साही तरुण म्हणतोच, ‘मग प्रभुभोजनही एकत्रच घेऊ या.’ घेऊ नये. कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे नियम आज त्याला परवानगी देत नाहीत, काही इतर मंडळ्यांचेही देत नाहीत, आणि मुक्तिफौज तर प्रभुभोजन व बाप्तिस्मा हे दोन्ही विधी पाळतच नाही. गुपचूप घेतले तर फादरना उत्तर द्यावे लागते, उघड घेतले तर पुढच्या वर्षी कोणी येत नाही. त्याऐवजी बाप्तिस्म्याच्या पाण्याची खूण करावी असे काही पुस्तके सुचवतात. पण एक मंडळी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देते, दुसरी कळत्या वयाशिवाय देत नाही, आणि मुक्तिफौजेचे लोक त्या पाण्याकडे नुसते पाहत राहणार. खूण अशी असावी की कोणालाही बाजूला उभे राहावे लागू नये. प्रभुभोजन एकत्र का नाही, ते मात्र लपवू नये. ‘त्या मेजावर आपण अजून एकत्र बसू शकत नाही, आणि याचे आम्हां मोठ्या माणसांना वाईट वाटते,’ एवढे कोणीतरी साध्या शब्दांत मुलांना सांगावे. मुलांना न समजण्यासारखे यात काही नाही.

आणि मग जेवायला बसावे. साधे जेवण, आमटी-भात, पिठले-भाकरी, ज्या गावात जे होते ते. मटणाचा आग्रह नको. त्यात खर्च वाढतो, आणि ज्याची ऐपत जास्त त्याचा शब्द वर चढतो. प्रत्येक घरातून पसाभर तांदूळ आणि मूठभर डाळ यावी आणि ती सर्व एकाच पातेल्यात पडावी. घरोघरचे डबे आणून एकत्र खाणे ही निराळी गोष्ट. तेथे कोणाच्या डब्यात हात घालायचा आणि कोणाच्या नाही, हे डोळे आपोआप ठरवतात. एका पातेल्यात पडलेला तांदूळ कोणाच्या घरचा हे सांगता येत नाही. स्वयंपाकालाही सर्व वस्त्यांतल्या बाया आणि बाप्ये मिसळून असावेत.

बसवायचे कसे? आपण होऊन बसा म्हटले की जो तो आपल्या माणसांकडे जाणार. शिक्षक लोक शाळेत जन्ममहिन्याप्रमाणे गट पाडतात, पण आमच्या आज्यांना जन्ममहिना ठाऊक नसतो. बहात्तरच्या दुष्काळात लग्न झाले, एवढे सांगतात. चिठ्ठ्या वाटाव्यात तर वाचता यायला हवे. म्हणून असे करावे, की उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर दाराशीच एक दाणा ठेवावा, कोणाला ज्वारीचा, कोणाला बाजरीचा, कोणाला हरभऱ्याचा, कोणाला मक्याचा. हे काम मुलांनी करावे, आणि एका घरातल्या दोघांना एक दाणा जाणार नाही याची नजर ठेवावी. जेवणाच्या वेळी ज्वारीची एक पंगत, बाजरीची दुसरी, अशा चार पंगती कराव्यात. दाणा ओळखायला शिकावे लागत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्यालाही तो बोटांनी कळतो. अगदी लहान मुलांच्या हाती मात्र दाणा देऊ नये, ती नाकात घालतात. ती आपल्या आईबरोबर बसतील.

वाढायचे काम पाळकांनी आणि फादरनी करावे. ज्यांची बोलण्याची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्यासाठी राखलेले काम ते हेच. आधी मुलांना, मग म्हाताऱ्यांना, मग पाहुण्यांना, आणि गावातले जे शेजारी ख्रिस्ती नाहीत पण हाक मारल्यावर आले, त्यांनाही त्याच पंगतीत. सर्वांचे झाल्यावर वाढणाऱ्यांनी बसावे, आणि ते जेवत असताना मोठ्या मुलांनी पातेली घासायला घ्यावीत.

आठवड्याभरात आखणी करणाऱ्यांनी पुन्हा एकदा बसावे. भाषण कसे झाले, गाणे कसे झाले, किती लोक आले, यात वेळ घालवू नये. मुलांना बोलावून एवढेच विचारावे, की तुझ्या उजव्या हाताला कोण बसले होते आणि डाव्या हाताला कोण? जी नावे ती सांगतील ती एका वहीत लिहावीत, ज्यांची नावे आली नाहीत त्यांचीही नोंद करावी. ती वही शाळेतल्या गुरुजींकडे नाहीतर एखाद्या खंबीर आजीकडे ठेवावी. पाळकांकडे ठेवू नये. पुढच्या वर्षापर्यंत त्यांची बदली झालेली असते.